उमेदवार राखीव, मतदार खुले

पालघर लोकसभा मतदारसंघावर बोलणारा माणूस कुठल्या स्टेशनवर उतरतो, ते आधी विचारून घ्यावं. वसईला उतरणारा वेगळं बोलतो, बोईसरला उतरणारा वेगळं, आणि डहाणू रोडला उतरून पुढे तलासरीची जीप धरणारा अगदीच वेगळं.

इथे बोलणारे दोघे आहेत. एक गुरुजी. वारली, घर तलासरीकडे, नोकरीची बरीच वर्षं बोईसर परिसरातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत गेलेली. दुसरी त्यांचीच विद्यार्थिनी, आता बोईसरमध्ये कामगार कायद्याची वकिली करते. तिचे वडील ऐंशीच्या दशकात धुळ्याकडून तारापूर एमआयडीसीत कापड कारखान्यात आले आणि इथलेच झाले. ती त्यांना 'तुम्ही' म्हणते, ते तिला 'बाय'. तिच्या ऑफिसात बोलणं सुरू झालं ते फॅक्टरीच्या शिफ्ट बदलेपर्यंत चाललं. मी लिहून घेत होतो, मधूनमधून तोंडही घालत होतो.

गुरुजी: बाय, तुला पुराव्याशिवाय चालत नाही ना, मग घे. २०११ ची जनगणना. पालघर जिल्ह्याची लोकसंख्या २९ लाख ९० हजार. त्यात एकटा वसई तालुका १३ लाख ४३ हजार. आता तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे चार तालुके एकत्र कर. सव्वापाच लाखसुद्धा भरत नाहीत. या चार तालुक्यांत शंभरातली नव्वदच्या आसपास माणसं आदिवासी. वसईत शंभरात सात. जागा राखीव आमच्या नावावर, आणि कोण निवडून येणार हे ठरतं वसई-नालासोपाऱ्यात. आमच्या नावाची पाटी आहे, दुकान दुसऱ्याचं.

वकील: पाटी तरी आहे ना, गुरुजी. तुमचे चार तालुके धरून लोकसभेची जागा होत नाही. २००८ च्या पुनर्रचनेत, २००१ च्या लोकसंख्येवर, एकेका खासदारामागे वीस लाखांच्या आसपास माणूस हवा होता. तेवढी माणसं कुठून तरी आणावीच लागणार. सहा विधानसभा मतदारसंघ एकत्र आले: डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा, वसई. पहिले चार अनुसूचित जमातीसाठी राखीव, शेवटचे दोन खुले. सहातले चार तुमचे आहेत.

गुरुजी: सहातले चार मतदारसंघ, पण माणसं मोज. डहाणूत जेवढे मतदार, त्याच्या जवळजवळ दुप्पट एकट्या नालासोपाऱ्यात.

गुरुजींचं हे म्हणणं मतमोजणीच्या दिवशी डोळ्यांना दिसतं. प्रत्येक विधानसभा क्षेत्राला साधारण चौदा टेबलं मिळतात, मग तिथे केंद्रं कितीही असोत. केंद्रं जास्त तर फेऱ्या जास्त. डहाणूची मोजणी संपते, तिथले प्रतिनिधी कागद आवरून चहाला जातात, आणि नालासोपाऱ्याच्या फेऱ्या चालूच असतात. दुपारी आघाडीवर असलेल्याने संध्याकाळी गुलाल मागवावा की नाही, ते या उरलेल्या फेऱ्या ठरवतात.

वकील: पण आधी काय होतं ते सांगा ना यांना. आधी सगळं तुमच्या हातात होतं, आणि मग शहरानं हिसकावलं, असं थोडंच आहे?

गुरुजी: नव्हतंच. २००८ पर्यंत पालघर आणि वसई हे विधानसभा मतदारसंघ उत्तर मुंबई लोकसभेत होते. राम नाईक खासदार, आणि २००४ ला त्यांना हरवून गोविंदा.

वकील: पालघरचा खासदार गोविंदा! आमच्या कॉलेजात पोरं यावर आठवडाभर नाचत होती.

गुरुजी: नाचा. आमच्याकडे डहाणू लोकसभा होती, राखीव. तिचा इतिहास मात्र नाचण्यासारखा नाही, तो रक्तानं लिहिलेला आहे. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेनं इथल्या वारल्यांना वेठीविरुद्ध उभं केलं. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघं जन्मभर त्याच्या शेतावर, त्याला लग्नगडी म्हणत. माझे आजोबा लग्नगडी होते. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं मेली. त्या उठावाचा हिशेब पुढे मतपेटीत निघाला. १९५७ ला शामराव ठाण्याहून लोकसभेत गेले. १९७७ ला डहाणूतून लहानू कोम गेले, माकपचे, म्हणजे लाल बावट्याचे, वारली समाजातून आलेले. चळवळीतून वर आलेला माणूस तिथे दिल्लीला जाऊ शकत होता.

वकील: एकदा. १९७७ ला एकदा. मग १९८०, ८४, ८९, ९१ अशा सलग चार वेळा काँग्रेसचे दामू शिंगडा. ९६ ला भाजपचे चिंतामण वनगा, ९८ ला काँग्रेसचे शंकर नम, ९९ ला परत वनगा, २००४ ला परत शिंगडा. तेव्हा नालासोपारा तुमच्या मतदारसंघात नव्हतं ना? मग लाल बावटा का पडत होता? तलासरीत वनवासी कल्याणवाल्यांचं वसतिगृह साठच्या दशकाच्या अखेरीपासून आहे. पाड्यापाड्यात भजनी मंडळं गेली, शाळा गेल्या. वनगा तलासरीचेच होते. तुमच्या पट्ट्यानंच मत बदललं, शहरानं नाही.

गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बदललं, हे खरं." पण त्यांचा मुद्दा त्यांनी सोडला नाही.

गुरुजी: आदिवासी माणसानं कमळाला मत दिलं काय, हाताला दिलं काय, कोयता-हातोड्याला दिलं काय, तो त्याचा हक्क. त्याची मला तक्रार नाही. माझी तक्रार अशी, की त्यानं दिलेलं मत पुरत नाही. २००९ चं बघ. नवी जागा, पहिली निवडणूक. बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव आले, वनगांना बारा हजारांनी मागे टाकून. जाधव आदिवासीच. पण पक्ष कुठला? हितेंद्र ठाकूरांचा, वसई-विरारचा. लहानू कोमही उभे होते, त्यांना ब्याण्णव हजारांच्या आसपास मतं. डहाणू विधानसभेत त्याच वर्षी माकपचा आमदार येतो आणि लोकसभेत त्याच पक्षाचा माणूस चौथा.

वकील: लोकशाहीत चौथा येतो तो चौथा, गुरुजी.

गुरुजी: २०१४ ला वनगा दोन लाख एकोणचाळीस हजारांनी आले. तो मोदींचा वारा होता, त्यात सगळेच उडाले. ते ३० जानेवारी २०१८ ला दिल्लीत गेले. साधा माणूस, वकील, पक्षातसुद्धा फार आवाज न करणारा. मे महिन्यात पोटनिवडणूक लागली, आणि त्या पोटनिवडणुकीत मला कळलं की ही जागा कुणाची आहे. वनगांचा मुलगा श्रीनिवास शिवसेनेकडून. भाजपकडे उमेदवार नाही, म्हणून काँग्रेसमधून राजेंद्र गावितांना आणलं. गावित आदिवासी, पण मूळचे नंदुरबारचे. आणि प्रचाराला कोण आलं?

वकील: योगी आदित्यनाथ. विरारला सभा होती.

गुरुजी: उत्तर प्रदेशचा मुख्यमंत्री, महाराष्ट्रातल्या आदिवासींच्या राखीव जागेच्या प्रचाराला! तो तलासरीला आला नाही, जव्हारला आला नाही. विरारला आला. कारण तिथे त्याची माणसं राहतात. यात चूक काहीच नाही, पण मग ही जागा कशाच्या नावानं राखीव आहे?

त्या निकालाचे आकडे पुन्हा पाहण्यासारखे आहेत. गावित २ लाख ७२ हजार, वनगा २ लाख ४३ हजार, जाधव २ लाख २२ हजार, माकपचे किरण गहला सुमारे ७१ हजार, काँग्रेसचे शिंगडा ४७ हजार. हे पाच प्रमुख उमेदवार, पाचही आदिवासी, आणि एकाचाही पक्ष आदिवासींचा म्हणावा असा नाही. पुढच्याच वर्षी युतीत ही जागा शिवसेनेकडे गेली. सेनेनं जागेसोबत भाजपचा खासदारही घेतला, आणि गावित धनुष्यबाणावर ८८ हजारांनी पुन्हा निवडून आले. उमेदवारीसकट जागेची अशी देवघेव खुल्या मतदारसंघात क्वचितच होते. राखीव मतदारसंघात ती सोपी जाते, कारण उमेदवाराकडून पक्षाला मुख्यतः जातीचं प्रमाणपत्र हवं असतं. हे माझं मत, दोघांपैकी कुणाचं नव्हे.

वकील: आता माझं ऐका. तुम्ही म्हणता ती अडचण नवी नाही. सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात पुणे करार झाला तेव्हा नेमका हाच वाद होता. बाबासाहेबांना दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ हवे होते: उमेदवार आमचा, मतदारही आमचा. गांधींचं उपोषण, तडजोड, आणि मग संयुक्त मतदारसंघ: उमेदवार राखीव, मतदान सगळ्यांचं. घटनेनं अनुसूचित जमातींसाठीही तोच साचा घेतला. अमेरिकेत बघा, तिथे दर दहा वर्षांनी मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखतात. काळ्या किंवा लॅटिनो मतदारांचं बहुमत राहील असे काही मतदारसंघ मुद्दाम आखले जातात, पण उभं कोणीही राहू शकतं. आपल्याकडे बरोब्बर उलटं.

गुरुजी: पुणे करारात आणखी एक कलम होतं, ते वकील लोक सांगत नाहीत. आधी फक्त दलित मतदारांनी मत देऊन चार जणांची यादी करायची, मग त्या चारांतून सगळ्यांनी एक निवडायचा. पहिली चाळणी त्यांची, दुसरी सगळ्यांची. ते कलम दहा वर्षांपुरतं होतं, मग गेलं. मला तसं काही तरी हवं आहे. पहिली फेरी आमच्या पाड्यांवर होऊ दे. तिथून जो निघेल त्याला नालासोपाऱ्यानं खुशाल पाडावं.

वकील: आणि मग मी? माझा जन्म बोईसरचा. मी आदिवासी नाही, इथून मला उभं राहता येत नाही. ठीक आहे, मान्य केलं, कारण त्यामागचा हेतू समजतो. मुरब्याचा, दांडीचा मांगेला मच्छीमार घ्या. तो पिढ्यान्‌पिढ्या इथला, त्यालाही उभं राहता येत नाही. आमच्याकडे मत तेवढं आहे. त्यातही तुम्ही आम्हाला दुसऱ्या चाळणीवर बसवणार?

गुरुजी: तुला बसवायचं नाही, बाय. पण तू सोडून बोईसरमध्ये मत कुणाला आहे, ते तरी सांग.

इथून बोलणं बोईसरवर आलं, आणि माझ्या मते खरी गाठ इथेच आहे. पालघरच्या राजकारणावर लिहिणारे डहाणूचा लाल बावटा आणि वसईच्या बहुजन विकास आघाडीची शिट्टी यांच्यातच अडकतात. मधलं बोईसर कुणी पाहत नाही.

वकील: गुरुजी, तुम्ही मतदारयादीच्या कामाचे बीएलओ होतात ना? सांगा यांना.

गुरुजी: होतो. सरावलीकडच्या चाळी माझ्याकडे होत्या. दहा बाय बाराची खोली, आत आठ जण. चार दिवसपाळीचे, चार रातपाळीचे. दार ठोठावलं की निम्मे कामावर आणि निम्मे झोपलेले. फॉर्म ६ हातात दिला की पहिला प्रश्न, "साहब, कागज कौनसा?" रहिवासाचा पुरावा म्हणजे भाडेकरार, वीजबिल. खोलीवाला करार करून देत नाही, वीजबिल त्याच्या नावावर. आणि खोलीवाला कोण? आमचाच, इथलाच भूमिपुत्र. त्याला भाडं हवं, भाडेकरूचा कागद नको. मग तो पोरगा म्हणतो, "रहने दीजिए, वोट तो गाँव में है." त्याचं नाव गोरखपूरला किंवा दरभंग्याला. पण निवडणुकीत तो तिथे जात नाही, आणि इथे त्याचं नावच नाही.

वकील: म्हणजे बाहेरचे लोक मतदारसंघ पळवतात, हे तुम्ही दुपारपासून सांगताय ते खोटं.

गुरुजी: नालासोपाऱ्यात खरं, बोईसरमध्ये खोटं. नालासोपाऱ्याला घर विकत घेतात, सोसायटी होते, नाव लागतं. बोईसरला फक्त खोली भाड्यानं मिळते.

वकील: आणि त्या खोल्या आहेत कुठं? १९७० च्या दशकापासून ही एमआयडीसी, हजाराच्या वर कारखाने. रसायनं, औषधं, पोलाद, कापड. पलीकडे अणुऊर्जा केंद्र, १९६९ पासून. २०१८ ला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यात तारापूर पहिलं: ९३.६९. प्रदूषणाचे गुण, परीक्षेचे नव्हेत. रात्री दीडला वास सुटला की पास्थळ, साळवड, कोलवड्याची माणसं उठून खिडक्या लावतात. नवापूरला खाडीत उतरलात तर पाण्याचा रंग मीच सांगायला नको. मच्छीमार हरित लवादात गेले, कारखान्यांना दंड झाला. पण हे सगळं लढलं कुणी? मांगेला समाजाच्या संघटनेनं. खासदारानं नाही, आमदारानं नाही. आणि एवढ्या मोठ्या औद्योगिक वस्तीला अजून काय आहे? ग्रामपंचायत. बोईसर ग्रामपंचायत. कचरा कुणी उचलायचा, एमआयडीसीनं की ग्रामपंचायतीनं, याच्यावर माणसं म्हातारी झाली.

गुरुजी: म्हणूनच म्हणतो, जिथे मत तिथे पाणी. सूर्या धरण बघ. धामणीला बांधलं, विक्रमगडात. सांगितलं काय, तर डहाणू, विक्रमगड, पालघरच्या आदिवासींच्या शेतीला. आणि आता? एमएमआरडीएची ४०३ दशलक्ष लिटरची योजना: १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. धरणाच्या पायथ्याशी मार्चमध्ये बाया हंडे घेऊन डवऱ्यावर बसतात. मध्य वैतरणा मोखाड्याच्या हद्दीत, पाणी मुंबईला.

वकील: नालासोपारा पूर्वेला या माझ्यासोबत. तिथे टँकरच्या पाण्यावर पोरं वाढली. ती बाईसुद्धा हंडाच भरते, गुरुजी, चौथ्या मजल्यावर नेते एवढाच फरक. शहर म्हटलं की तुम्हाला श्रीमंत दिसतात. नालासोपाऱ्याची सकाळची विरार लोकल बघितलीत? दारात लटकणारे ते कोण, शेठ?

गुरुजी: मी त्यांना शेठ म्हटलं नाही. पण चौथ्या मजल्यावरच्या बाईला नगरसेवक आहे, आमदार आहे, महापालिका आहे. ३ जुलै २००९ ला महापालिका झाली. तिच्यात आम्हाला घेऊ नका म्हणून वसईची गावं रस्त्यावर आली, तर त्याच वर्षी ठाकूरांच्या बालेकिल्ल्यात श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित निवडून आले. शहराच्या रागाचीसुद्धा दखल घेतली जाते. मोखाड्याच्या रागाची कोण घेतो?

वकील: मग २०२४ चं काय? तुमच्या त्या वसईच्या पक्षाला लोकसभेत राजेश पाटील उभे करून अडीच लाख मतं. तिसरा नंबर. भाजपचे हेमंत सावरा ६ लाख, उद्धव सेनेच्या भारती कामडी ४ लाख १७ हजार, फरक १ लाख ८३ हजारांचा. सावरा डॉक्टर, वडील विष्णू सावरा आदिवासी विकासमंत्री होते, वाड्याचे. म्हणजे शहरी पक्ष पडला आणि आदिवासी घरातलाच माणूस आला. सहा महिन्यांत विधानसभा: वसईत हितेंद्र ठाकूर पडले, विवेक पंडितांच्या मुलीकडून, तीन हजारांनी. नालासोपाऱ्यात क्षितिज ठाकूर पडले. बोईसरला राजेश पाटील पडले, विलास तरे आले, जे आधी त्याच पक्षाचे आमदार होते. ठाकूरांचे तिन्ही गड एका दिवसात गेले. आणि डहाणूत? विनोद निकोले, माकप, दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा विधानसभेत त्या पक्षाचा एकटा आमदार. तुमचा बावटा उभा आहे, गुरुजी.

गुरुजी: पाच हजारांनी उभा आहे. आणि लोकसभेत त्याची मतं कुणाच्या तरी पारड्यात टाकायची, एवढंच त्याच्या हातात उरलं. वाढवणचं घे. ७६ हजार कोटींचं बंदर. डहाणूला १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील तालुक्याचा दर्जा, त्यावर प्राधिकरण, एकदा त्याच प्राधिकरणानं तिथलं बंदर नाकारलेलं. २०२३ ला त्याच प्राधिकरणानं परवानगी दिली. निवडणुकीचा निकाल लागल्यावर पंधरा दिवसांत, १९ जून २०२४ ला, केंद्रानं मंजुरी दिली. ३० ऑगस्टला पालघरच्या सिडको मैदानावर पंतप्रधान येऊन पायाभरणी करून गेले. किनाऱ्यावर गावंच्या गावं काळे झेंडे लावून बसली. त्यांनी मत दिलं नव्हतं का? दिलं. पण नालासोपाऱ्याच्या माणसाला वाढवण कुठे आहे तेच माहीत नाही.

वकील: आणि बोईसरच्या पोराला बंदरात नोकरी हवी आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे वारली, कोकणा, मल्हार कोळी असतात, गुरुजी. ठेकेदारानं पीएफ भरला नाही, बोट गेलं, भरपाई नाही. त्यांना तुमचा १९४५ चा उठाव माहीत नाही, त्यांना ठेकेदाराचं नाव माहीत आहे. त्यांच्या हिशेबात बिहारचा कामगार परका नाही, शेजारच्या मशीनवरचा आहे. तुम्ही जिथे आदिवासी आणि बाहेरचा अशी रेघ ओढता, तिथे मला एकाच मस्टरवरची दोन नावं दिसतात. ती दोघं एकत्र मतदान करू लागली, तर या जागेचा हिशेब तुमच्या-माझ्या दोघांच्याही हातून सुटेल.

हे मला पटलं, पण पूर्ण नाही. एकाच मस्टरवरची माणसं एकाच यादीत मतदार म्हणून येतील असं गेल्या पन्नास वर्षांत तारापुरात दिसलेलं नाही. युनियनसुद्धा भाषेवरून फुटल्या. तरी तिची नजर गुरुजींपेक्षा पुढची आहे, एवढं खरं, आणि गुरुजींची तिच्यापेक्षा जुनी. मी विचारलं, की आता पुढे काय. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर लोकसभेच्या जागा नव्यानं आखायच्या आहेत. राज्यात अनुसूचित जमातीच्या चार जागा: नंदुरबार, दिंडोरी, गडचिरोली-चिमूर आणि पालघर. जिथे जमातीचं प्रमाण सर्वांत जास्त तिथे राखीव जागा, हा नियम.

वकील: मग पालघरचं आरक्षण राहील की नाही, सांगता येत नाही. २०११ ला जिल्ह्यात आदिवासी ३७ टक्के होते. त्यानंतर विरार, नालासोपारा, नायगाव किती वाढलं बघा. २०१३ ला लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून उमरोळी, सफाळ्यालासुद्धा टॉवर. टक्का खाली येणारच. कदाचित वसई-नालासोपारा वेगळी जागा होईल, आणि तुमच्या वाट्याला खरोखरचा आदिवासी मतदारसंघ येईल. वाड्याचा बराचसा भाग आज भिवंडी लोकसभेत आहे, तो परत मिळेल. तुमची मागणीच पूर्ण होईल, गुरुजी.

गुरुजी: आणि बोईसर कुठं जाईल?

वकील: ते आयोग ठरवेल.

गुरुजी: आयोग कागदावरून ठरवतो. कागद जनगणनेचा. आणि ही जनगणना कधी आहे? माणसं मोजणार फेब्रुवारी २०२७ ला. तू बोईसरची, तुला कळायचं नाही. दिवाळी झाली की मोखाड्याची, जव्हारची, विक्रमगडची घरं कुलपं लावून निघतात. वीटभट्टीवर. भिवंडी, वसई, पनवेल. पोरं, कोंबड्या, भांडी सगळं टेम्पोत. ती परत येतात होळीला, काही त्याच्याही नंतर. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही, तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. फेब्रुवारीत मोखाड्यात म्हातारी माणसं असतात आणि कुत्री.

वकील: म्हणजे आदिवासीसुद्धा वसईच्या खात्यात.

गुरुजी: वसईच्या, भिवंडीच्या. मोजणारा भट्टीवर गेला तर. मी एका जनगणनेत प्रगणक होतो. मला दिलेल्या नकाशात पाडे होते, घरं होती, चाळी होत्या. भट्टी नव्हती.

तिनं टेबलावरचा कागद ओढला आणि तालुक्यातल्या भट्ट्या कुणाकुणाच्या आहेत, त्यांतले किती जण तिचे अशील, हे ती लिहू लागली. गुरुजी नावं सांगत होते.